आजोबांची तुळई धनुष्यात कुठे बसवावी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून एका शिक्षकांनी लिहिलंय. त्यांची चौदा वर्षांची मुलगी दोन वर्षांपासून तिरंदाजी शिकते, इंडियन राउंड, म्हणजे लाकूड-बांबूच्या साध्या धनुष्याने खेळायचा प्रकार, खेळते. मैदानावरचं एक धनुष्य चौघींत फिरतं. नवं घेणं सध्या झेपणारं नाही. जुनं घर पाडताना निघालेली, आजोबांनी बसवलेली सागवानी तुळई पडवीत पडून होती, म्हणून त्यांनी स्वतःच पट्ट्या चिकटवून धनुष्य करायला घेतलं. पाठीला आणि पोटाला बांबू, मध्ये तुळईतून काढलेलं सागवान. श्रावणात ते पाच मिनिटांत आवळणाऱ्या इपॉक्सीने, म्हणजे दोन डब्यांतलं मिसळून करायच्या गोंदाने, चिकटवलं. दिवाळीनंतर तिसऱ्यांदा दोरी चढवताना मुठीच्या वरच्या अंगाला सांधा वीतभर उघडला. "सुतारमामा म्हणतात, पांढरा गोंद वापरायचा होता. व्हिडिओत सांगतात, गाभ्याला मेपलच हवं, सागवान चालत नाही. मुलीसमोर धनुष्य सुटलं. ती काही बोलली नाही, त्याचंच जास्त लागलं. लाकूड बदलू, गोंद बदलू, की हा नादच सोडू?"

सर,

नाद सोडू नका. तुम्ही सांध्याचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या फोटोतच आहे. सुटलेल्या दोन्ही बाजू पुन्हा एकदा उजेडात धरून बघा. बांबूच्या पट्टीवर गोंदाचा थर तसाच्या तसा आहे, काचेसारखा चकचकीत. सागवानाची बाजू मात्र कोरी आहे. रंध्याच्या पात्याने आलेली झळाळीसुद्धा तिच्यावर शाबूत दिसते. लाकडाचा एक तंतू उपटून आलेला नाही.

म्हणजे लाकूड तुटलं नाही आणि गोंदही तुटला नाही. गोंदाने सागवानाला धरलंच नव्हतं. सागवानात अंगचं तेल असतं. त्यावर तुम्ही रंधा मारून पृष्ठभाग आरशासारखा केलात, शिकंजे हात दुखेपर्यंत आवळलेत आणि हे सगळं श्रावणातल्या दमट हवेत केलंत. पुढे दिवाळीची कोरडी हवा लागली, लाकूड आकसलं, आणि जे नुसतं टेकलेलं होतं ते सुटलं. म्हणून "लाकूड की गोंद" या प्रश्नातच थोडी गफलत आहे असं मला वाटतं. दोष या दोघांच्या मधल्या जागेत होता.

आता गाभ्याकडे येते. तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि ती धरणारे तुम्ही एकटे नाही. धनुष्याचा जोर गाभ्यात असतो, म्हणून गाभ्याला सगळ्यांत भारी लाकूड हवं, असा समज सर्रास दिसतो. "गाभा" हा शब्दच आपल्याला तिकडे नेतो.

शाळेतली दोनशे पानी वही घ्या आणि दोन्ही हातांनी वाकवा. पानांच्या कडा एकमेकींवरून सरकतात, उतरंड तयार होते. आता कल्पना करा की सगळी पानं एकमेकांना पक्की चिकटली आहेत. मग वही वाकता वाकत नाही. बाहेरच्या बाजूची पानं ताणली जातात, आतल्या बाजूची दाबली जातात, आणि मधली पानं ना ताणली जातात ना दाबली. धनुष्यात बाहेरची, म्हणजे लक्ष्याकडची बाजू ती पाठ. तिरंदाजाकडची ती पोट. ताण पाठीवर, दाब पोटावर. गाभ्याचं काम एवढंच की या दोघांना एकमेकांपासून लांब ठेवायचं आणि सरकू द्यायचं नाही.

याचा हिशोबही सोपा आहे. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. सगळं लाकूड एकाच ताकदीचं धरलं, तर १२ मिलिमीटर जाडीच्या भुजेत (मुठीच्या वर-खाली वाकणारा धनुष्याचा भाग) मधले ६ मिलिमीटर एकूण ताठपणाचा फक्त आठवा हिस्सा देतात. बाकी सात हिस्से वरच्या तीन आणि खालच्या तीन मिलिमीटरचे. मेपलसाठी खिसा रिकामा करायचा तो या आठव्या हिश्श्यासाठी! मेपल उत्तम आहे यात वाद नाही. सरळ तंतूंचं, एकसारखं लाकूड आहे ते. अमेरिकेत ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं म्हणून तिथले कारागीर ते वापरतात.

मग गाभ्यात काय बघायचं? पहिलं म्हणजे तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेले हवेत. वखारीत फळी निवडताना कडेने बघा, रेषा मध्येच कडेबाहेर निघून जात असतील तर ती फळी ठेवून द्या. शंका असेल तर टोकाचा एक तुकडा करवतीने न कापता पटाशीने फोडा. फूट जिकडे जाईल तिकडे तंतू जातात, लाकूड खोटं बोलत नाही. दुसरं, गाठ नको. तिसरं, फार जड नको, कारण भुजेच्या टोकाकडचं प्रत्येक ग्रॅम बाणाचा वेग खातं. पण पांगारा किंवा सावरीसारखं भुसभुशीतही नको. ते आतल्या आत सरकून फाटतं.

या कसोटीला उतरणारी लाकडं आपल्याकडे आहेत. परदेशी बीच आणि अॅश शहरातल्या टिंबर मार्केटमध्ये मिळतात, फर्निचरवाले ती नेहमी वापरतात. फर्निचरच्या कामातून उरलेली एक इंच जाडीची सरळ पट्टी मिळाली तरी तुमचं भागतं. आणि धामण मिळाली तर फारच छान. हे आपलं सह्याद्रीतलं झाड, त्याचं संस्कृत नावच धन्वन. कावडीचा दांडा, हत्यारांचे दांडे यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलेलं, वाकून परत सरळ होणारं लाकूड. धामण मला गाभ्यापेक्षा पोटाला जास्त आवडते, कारण ती दाब सोसते. मात्र ती वखारीतून, रीतसर पावतीने घ्या. डोंगरातून कुणी तोडून आणून देत असेल तर घेऊ नका.

पण तुमच्या जागी मी असते तर गाभ्यालाही बांबूच वापरला असता. जपानी धनुष्य, युमी, सव्वादोन मीटरच्या आसपास उंच असतं. त्याच्या पारंपरिक बांधणीत पाठीला आणि पोटाला बांबू, आणि मध्ये बांबूच्याच अरुंद काड्या कडेवर उभ्या करून एकमेकींना चिकटवलेल्या असतात. बांबूचे मजबूत तंतू सालीलगत दाट असतात, आत जावं तसे विरळ होतात. काड्या उभ्या लावल्या की प्रत्येक काडीतला दाट भाग आणि विरळ भाग शेजारी शेजारी येतो आणि गाभा सगळीकडे सारखा होतो. मेहनत जास्त, खर्च जवळजवळ नाही. आपल्याकडेही हे नवं नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात धनुष्यांचे प्रकार सांगितलेत ते चार : ताडाचं, वेळूचं, लाकडाचं आणि शिंगाचं.

बांबू कुठला, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण इथेच बरेच जण चुकतात, म्हणून सांगते. कोकणातला माणगा भरीव आणि मजबूत असला तरी बारीक असतो. त्यातून ३२ मिलिमीटर रुंदीची पट्टी काढली तर पाठ गोल घुमटासारखी येते आणि सगळा ताण मधल्या रेघेवर जातो. पाठीसाठी जाड बुंध्याचा कळक बघा, विदर्भात ज्याला कटांग म्हणतात तो. बुंधा जितका रुंद तितकी पट्टी सपाट. तीन-चार वर्षांचा पक्का बांबू हवा, कोवळा नको. आणि पाठीच्या सालीला हत्यार लावायचं नाही. फार तर वरचा मेणचट पापुद्रा पातळ खरवडा, पेराची गाठ हलकी घासा. तंतू कापला गेला की तिथूनच चीर सुरू होते. जाडी कमी करायची ती आतल्या बाजूने : मुठीजवळ साधारण तीन मिलिमीटर, टोकाला दोन. भुजेचा उतार गाभ्याला द्या, मीटरमागे दोनेक मिलिमीटर जाडी कमी करत न्या, आणि शेवटचं बारीक तासकाम पोटावर.

आता तुळई. हे वाचून तुम्हाला वाटलं असेल की आजोबांचं लाकूड बाद झालं. अजिबात नाही. सागवान गाभ्याला चालतच नाही असंही नाही. तेल पुसून, खरखरीत करून लावलं तर धरतं. माझी भीती वेगळी आहे. साठ-सत्तर वर्षं छप्पर पेललेल्या तुळईत खिळ्यांची भोकं असतात, वरून न दिसणाऱ्या चिरा असतात, आणि तिचे तंतू सरळ आहेत की नाही हे बघून कुणी ती बसवलेली नसते. वाकणाऱ्या भागात हे सगळं जोखमीचं आहे. धनुष्यात एक जागा मात्र अशी आहे जी वाकत नाही आणि जी हाताला लागते. मूठ. आजोबांचं सागवान तिथे बसवा. लेक दर वेळी धनुष्य उचलेल तेव्हा तिचा तळवा त्याच लाकडावर पडेल. गाभ्यात ते कुणाला दिसलंही नसतं.

फक्त मुठीचा ठोकळा बसवताना त्याची दोन्ही टोकं एकदम कापू नका. लांब उताराने पातळ करत करत कागदाइतकी न्या, आणि त्या उताराखालची भुजा वाकणार नाही इतकी जाड ठेवा. ताठ भाग जिथे एकदम संपतो आणि वाकणारा सुरू होतो, तिथे सगळा जोर गोळा होतो. तुमचा सांधाही नेमका तिथेच उघडलाय, हे तुमच्या ध्यानात आलं असेल.

गोंदाबद्दल सुतारमामांचं म्हणणं उडवून लावू नका. ते ज्या कामात मुरलेत त्या कामात ते बरोबर आहेत. पांढरा गोंद खुर्चीच्या सांध्यात लाकडापेक्षा पक्का बसतो. पण त्याचा एक स्वभाव आहे. सतत जोर राहिला की तो फार हळू, डोळ्यांना दिसणार नाही असा सरकतो, उन्हात जास्त. खुर्चीवर माणूस बसतो आणि उठतो. धनुष्य दोरी चढवलेली असेपर्यंत तासन्‌तास ताणलेलंच असतं. मी माझं दुसरं धनुष्य याच गोंदाने चिकटवलं होतं, टोकं पुढे वळवलेल्या साच्यात. फार देखणं झालं होतं, म्हणून दोरी चढवूनच भिंतीला टांगून ठेवलं. आठ दिवसांनी दोरी उतरवली तेव्हा टोकांचा बाक अर्धाही राहिला नव्हता. भुजेच्या टोकाला पट्ट्या एकसारख्या कापलेल्या होत्या, तिथे बोट फिरवलं तर केसाएवढी पायरी लागली. वहीची पानं सरकावीत तशा पट्ट्या सरकल्या होत्या. सांधा कुठेही उघडलेला नव्हता, तरी धनुष्य गेलं होतं. त्यामुळे साच्यात बाक द्यायचा असेल तर पांढरा गोंद नको. सरळ, हलकं, सराव संपताच दोरी उतरवायचं धनुष्य असेल तर तो चालून जातो. पण त्यात पाणी असतं, ते पातळ पट्ट्यांत मुरतं, म्हणून चिकटवल्यावर निदान दोन आठवडे धनुष्याला हात लावू नये.

जुना सरस, जनावरांच्या कातड्याचा, हा मला मनापासून आवडणारा गोंद आहे. जपानी युमी शतकानुशतकं हरणाच्या कातड्याच्या सरसावर उभी राहिली. पण सरस ओल खातो, आणि साताऱ्याच्या पावसाळ्यात तुम्ही त्याला किती जपणार?

तेव्हा इपॉक्सीच घ्या, पण पाच मिनिटांचा नको. त्या घाईत तुम्ही एक भुजा माखेपर्यंत दुसरीवरचा गोंद आवळायला लागलेला असतो. कमीत कमी पाऊण तास हाताळता येईल आणि आवळायला दिवसभर घेईल असा संथ इपॉक्सी मागा. पृष्ठभाग सपाट करा, मग साठ नंबरच्या पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने खरखरीत करा. पांढऱ्या फडक्यावर अॅसिटोन घेऊन पुसा. सागवानाचं फडकं आधी पिवळट-तपकिरी निघेल. नवं फडकं घेऊन पुन्हा पुसा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत, आणि तेल पुन्हा वर यायच्या आत, तासाभरात चिकटवा. दोन्ही बाजूंना गोंद लावा. दोन डब्यांतलं प्रमाण डोळ्यांनी ठरवू नका, काट्यावर तोला. वजनाने घ्यायचं की मापाने ते डब्यावर लिहिलेलं असतं. हातमोजे घाला, इपॉक्सीची खाज एकदा सुरू झाली की जन्मभर पाठ सोडत नाही.

आणि आवळणं. इथे तुमचा सगळ्यांत मोठा उत्साह मला फोटोत दिसला. इपॉक्सीला दाब नको असतो, नुसती भेट हवी असते. शिकंजे पिळून काढले की गोंद बाहेर ओघळतो आणि सांधा उपाशी राहतो. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापा आणि साच्यासकट धनुष्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बँडेजसारख्या गुंडाळा. दाब सगळीकडे सारखा बसतो. कडेने गोंदाचे बारीक मणी दिसले की पुरे. साच्यावर आधी प्लॅस्टिकचा कागद घालायला विसरू नका, नाहीतर धनुष्य आणि साचा जन्माचे एक होतील. दिवसभराने उलगडल्यावर त्याला ऊब द्या : प्लायच्या पेटीत पिवळा बल्ब लावून, आत थर्मामीटर ठेवून, चाळीस-पन्नास अंशांवर काही तास. खोलीच्या तापमानाला आवळलेला इपॉक्सी उन्हाच्या तावात मऊ पडू शकतो, उबेने तो आणखी पक्का होतो. तरीही मे महिन्यात बंद गाडीत धनुष्य कधी ठेवायचं नाही.

हे सगळं जानेवारी ते एप्रिलमध्ये करा. लाकूड कोरडं झालं की नाही हे ओळखायला महागडं यंत्र नको, स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. पट्ट्या घरात सावलीत ठेवा, दर चार दिवसांनी तोला, आकडा पट्टीवरच पेन्सिलने लिहा. तीन वेळा आकडा तोच आला की लाकूड तयार.

धनुष्याला हात घालण्यापूर्वी एक संध्याकाळ नुसत्या तुकड्यांना द्या. बोटभर लांबीच्या चार जोड्या करा : बांबू-बांबू, बांबू-बीच, बांबूवर पुसलेलं सागवान, बांबूवर न पुसलेलं सागवान. तोच गोंद, तोच दाब. चार दिवसांनी सांध्यात पटाशी ठेवून हातोडीने फोडा. लाकूड फाटून दोन्ही बाजूंना तंतूंची लव दिसली तर तो सांधा विश्वासाचा. चकचकीत निघाला तर काय होतं हे तुम्ही बघितलंच आहे. हे फोडायचं काम मुलीला द्या. त्या दिवशी ती गप्प का राहिली हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. पण बाबांनी कष्टाने केलेली वस्तू मोडली तेव्हा काय बोलावं हे तिला सुचलं नसेल, एवढंच असू शकतं. हातोडी हातात आली की कदाचित बोलेल.

आणखी एक, थोडं नाजूक. तिचा सराव तुमच्या धनुष्यासाठी थांबवू नका. पहिलं नीट झालेलं धनुष्यही बहुतेक वेळा स्पर्धेचं नसतं. दोन्ही भुजा सारख्या वाकवायला हात बसावा लागतो, तो दुसऱ्या-तिसऱ्या धनुष्यात बसतो. तोवर तिला मैदानावरचंच वापरू द्या. ५० आणि ३० मीटरवर नेम धरणाऱ्या मुलीला रोज तेच, सवयीचं धनुष्य लागतं. तुमचं तयार झालं की आधी तिच्या प्रशिक्षकांना दाखवा, ते नियमात बसतं का आणि तिच्या खांद्याला झेपतं का हे तेच सांगतील. किती पौंडांचं हवं, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला किती जोर लागावा, हे आत्ताच विचारून घ्या, आणि तासताना बॅगा तोलायचा काटा दोरीला लावून तेवढ्या पौंडांच्या पुढे एकदाही ओढू नका. लांबी तिच्या ओढीच्या, म्हणजे ती दोरी जितकी मागे ओढते त्या अंतराच्या, दुपटीहून बरीच जास्त ठेवा. ओढ २६ इंच असेल तर ६४-६६ इंचांचं धनुष्य शांतपणे वाकेल. दोरी डेक्रॉनच्या (पॉलिस्टरच्या) धाग्याची घ्या, ती थोडी ताणते आणि लाकडाला धक्का कमी बसतो. बाण न लावता दोरी सोडायची नाही, हे घरात येणाऱ्या प्रत्येक भाच्या-पुतण्याला बजावा. आणि पहिले शंभर बाण तुम्ही स्वतः मारा, डोळ्यांवर चष्मा लावून, मागे मातीची भिंत किंवा गंजी असेल अशा जागी. धनुष्य मोडायचं असेल तर ते तुमच्या हातात मोडू दे.

लाकूड सुकेपर्यंत दोन-तीन महिने आहेत. तोवर मुठीचं काम सुरू करता येईल. तुळईच्या मधल्या निरोगी भागातून वीतभर ठोकळा काढा. मुलीला समोर बसवा, ओल्या मातीचा गोळा तिच्या मुठीत द्या आणि धनुष्य धरल्यासारखा दाबायला सांगा. तो साचा सावलीत वाळवा आणि ठोकळा कानशीने त्याबरहुकूम उतरवा. तळव्याच्या ठेवणीला दोन मिलिमीटर जास्तच ठेवा, चौदा वर्षांचा हात अजून वाढायचा आहे.